श्वास आत घेताना

प्रिय अक्षदा,

हा कागद हातात पडल्यावर तू आधी घाबरशील आणि मग हसशील. घाबरशील, कारण आपल्या घरातून लग्नपत्रिका सोडली तर कुणाला लिहून काही जातच नाही. आणि हसशील माझं अक्षर बघून. मी नवी नवरी होते तेव्हा तू दुसरी-तिसरीत असशील. माझी वही उघडून म्हणाली होतीस, वहिनी, कोंबडी शाईत पाय बुडवून चालली का गं. तेव्हापासून तुझ्यासमोर मी पेन धरला नाही. आज धरते, कारण फोनवर आपलं बोलणं होत नाही. मी दोन वाक्यं बोलते, तिसऱ्यासाठी श्वास आत ओढते, तो आवाज तुझ्या कानात जातो आणि तू म्हणतेस, तू नको बोलू, मीच बोलते. मग बोलता बोलता तू रडायला लागतेस, मी तुझी समजूत काढते, त्यात माझा उरलासुरला दम जातो, आणि ज्यासाठी फोन लावला ते तसंच राहतं. कागदाला माझा श्वास ऐकू येत नाही, हे एक बरं आहे. खंडेराव दाजी तुमच्या हॉटेलचा माल घ्यायला आलेत, आज छावणीत मित्राकडे मुक्काम आहे, उद्या सकाळी आबांना भेटून फर्दापूरला निघणार आहेत. त्यांच्या हाती देईन. त्यांनी वाचलं तरी चालेल, दाजी वाचून विसरणारे आहेत.

आत्ता दुपार आहे. तुझे दादा दुसऱ्या पाळीला गेले. कंपनीची बस वळली की मी ग्रीलला आतून कुलूप लावते, किल्ली ब्लाउजमध्ये ठेवते, आणि मग मी आणि आबा, दोघंच आत. आबा बाजेवर झोपलेत, तोंड उघडं आहे, पायाशी तीच जुनी घोंगडी. मी भिंतीला टेकून बसले आहे. आडवी मी आता होतच नाही. आडवं झालं की घशावर कुणी गुडघा ठेवल्यासारखं होतं, म्हणून पाठीला दोन उशा लावून बसल्या बसल्या डुलकी काढते. तू म्हणशील, वाळूजला स्लॅबचं घर घेतलं, पंखा आहे, फ्रीज आहे, वहिनी मजेत आहे. आहे ना. फक्त या खोलीतली हवा माझ्या वाट्याला चमच्यानं येते.

तुला हा आवाज फोनवर ऐकू येतो, पण इथं तो कसा असतो ते सांगते. कोरडा रहाट ओढावा तसा, बारीक आणि खरखरीत, प्रत्येक श्वासाला. भाकरी थापताना येतो, केस विंचरताना येतो, चार पायऱ्या चढले की असा चढतो की शेजारच्या लीलाबाई दार उघडून बघतात. परवा शहागंजला बसनं गेले, तर पुढच्या सीटवरची बाई दोनदा मागं वळली आणि मग पदर नाकाला लावून बसली. मी तिला म्हणाले, बाई, लागत नाय हे, माझं मलाच पुरतंय. एवढं बोलून पुन्हा श्वास घेतला तर सगळी बस वळली. कॉलनीत सगळे याला दमा म्हणतात. लीलाबाईंनी कुठल्याशा पाल्याचा काढा दिला, कुणी छातीला एरंडेल चोळायला सांगितलं, मेडिकलवाल्यानं तोंडात फवारा मारायचं यंत्र दिलं. सगळं केलं. छातीला इतकं तेल चोळलं की साड्यांचे वास गेले नाहीत अजून.

तो दमा नाही, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितलं. मी तुला सांगते, कारण तुझ्या दादांना मी तीनदा सांगूनही ते लोकांना दमाच सांगतात. दम्याचा आवाज श्वास सोडताना येतो, खालून, छातीतून. माझा येतो श्वास घेताना, वरून, गळ्यातून. माझी छाती स्वच्छ आहे. गळ्यात दोन पडदे असतात, दाराच्या दोन फळ्यांसारखे. बोलताना मिटतात, श्वास घेताना उघडतात. माझ्या गळ्याची गाठ काढली तेव्हा त्या फळ्या हलवणारी नस दोन्ही बाजूंनी दुखावली. असं कधी कधी होतं, कुणाची चूक धरू नका, असं त्या म्हणाल्या. मी धरली नाही. चूक धरून श्वास मोकळा झाला असता तर मी साऱ्या शहराची धरली असती. आता त्या फळ्या मिटल्यासारख्याच राहतात आणि मधे नुसती फट आहे. त्या फटीतून हवा ओढताना जी शीळ वाजते, तो हा आवाज. फट किती आहे ते त्यांनी मला टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. गोधडीच्या सुईतून दोरा जातो ना, तेवढी वाटली मला.

आणि गंमत ऐक. फळ्या मिटलेल्या आहेत म्हणून माझं बोलणं खणखणीत आहे. बोलायला त्या मिटाव्याच लागतात. म्हणून कुणाचा माझ्यावर विश्वास बसत नाही. पहिल्या डॉक्टरांपुढे मी माझी कर्मकथा अशी ठणकावून सांगितली की ते म्हणाले, एवढं मोठ्यानं बोलताय, तुम्हाला काय धाड भरली आहे. तुला आठवत असेल, ऑपरेशननंतर काही महिने माझा आवाज पार बसला होता, नुसती फुसफुस यायची. तेव्हा श्वास मात्र मोकळा होता. मग हळूहळू आवाज परत आला आणि दादांनी कॉलनीत पेढे वाटले. तुलाही पाठवले होते. फळ्या जवळ यायला लागल्या म्हणून आवाज परत येत होता, आणि जसा तो येत होता तसा श्वास जात होता, हे तेव्हा कुणाला माहीत? माझा गळा आवळला जात होता आणि आम्ही पेढे खात होतो.

ते पेढे माझ्यासाठी नव्हते, हे तुलाही ठाऊक आहे. ते आबांसाठी होते. माझा आवाज बसला होता तेव्हाच ते हरवले होते ना. त्यांना काही आठवेनासं होऊन आता बराच काळ झाला. मेंढरं विकली, तुझी आई गेली, आपण वाळूजला राहायला आलो, यातलं काहीच त्यांच्या डोक्यात टिकत नाही. टिकली आहे ती संध्याकाळ. उन्हं उतरली की ते उठतात आणि मेंढरं वळवायला निघतात. ग्रील बंद असेल तर त्यावर डोकं आपटतात, रक्त येईपर्यंत, म्हणून त्या वेळेला मला कुलूप काढावंच लागतं. ते काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत जातात, पुढं मोठा रस्ता आहे, कंपन्यांचे ट्रक चालू असतात. त्यांना हाताला धरून आणायला गेलं तर काठी उगारतात. मुलगा, नातू, शेजारी, कुणालाच जुमानत नाहीत. पण मी पायरीवर उभी राहून हाक मारली की वळतात. तुझ्या आईची हाक, जी तिनं मला शिकवली. ती ऐकली की त्यांना वाटतं बानाबाई बोलावतेय, बिऱ्हाडावर भाकरी झाली आहे. मग गरीब माणसासारखे खाली मान घालून परत येतात. माझा आवाज गेला होता तेव्हा एके दिवशी तसेच पुढं गेले, नगर रस्ता धरून चालत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी छावणीत सापडले. तिथलं गवत बघून बसले होते, एका जवानानं चहा पाजला होता. त्या दिवशी तू फोनवर काय रडली होतीस. त्यानंतर या घरात माझा गळा हा घरचा गळा झाला, माझा राहिला नाही.

पाहुणे येतात, म्हणतात, सून असावी तर अशी, सासऱ्याला नुसत्या आवाजावर सांभाळते. मला त्या शाबासकीचा वीट आलाय गं. शाबासकी देऊन माणूस आपल्या घरी जातो. मी कुठं जाऊ?

यावर उपाय आहे, तो तुला दादांनी अर्धाच सांगितला असणार. एक, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. बोट लावून बोलता येतं, पण ओरडता येणार नाही, आणि आबांचं तू जाणतेस, अंगावर काही वेगळं दिसलं की ते ओढून काढतात. स्वतःच्या हाताची सलाइन त्यांनी कशी उपटली होती आठव. माझ्या गळ्यातली नळी त्यांच्या हाताला लागली तर? म्हणून दुसरा उपाय. लेसरनं एका फळीचा तुकडा कापायचा. फट मोठी होईल, श्वास येईल, मी आडवी होऊन झोपेन. आणि आवाज जाईल. बोलता येईल, पण घोगरं, कुजबुजल्यासारखं. हाक तर कायमची गेली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आवाज की श्वास? असं विचारल्यावर कुणीही श्वासच म्हणेल ना. मी म्हणाले, घरी विचारून सांगते.

घरी काय झालं ते ऐक. दादा म्हणाले, 'थांब जरा, दिवाळी होऊ दे.' दिवाळी झाली. मग म्हणाले, 'थंडी सरू दे.' डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की थंडीतच धोका. साधं पडसं झालं आणि सूज आली तर ती फट बुजू शकते. तू फोनवर म्हणालीस, वहिनी, आबा तुझ्याशिवाय राहायचे नाय, तू थोडं सोस. आणि फर्दापूरहून तूप पाठवलंस. माझा शिवम पुण्याहून आला, त्यानं डोकं लढवलं, माझी हाक मोबाईलवर भरून घेतली आणि संध्याकाळी स्पीकरवर लावली. आबा वळले. आम्ही सगळे खूश. ते स्पीकरपर्यंत आले, त्याच्या मागं वाकून बघितलं, खोलीत शोधलं, मोरीत शोधलं, आणि बानाबाईला कुणी कोंडून ठेवलंय म्हणून असे घाबरले की शिवमलाच काठी बसली. पोरगं पाठ चोळत पुण्याला गेलं. यात कुणी वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. कुणी वाईट असतं तर मी चांगली भांडले असते. तुला माझं भांडण माहीत आहे. तुम्ही सगळे माझ्यावर माया करता आणि एकेक करून दार लावून घेता.

आणि खरं सांगू? मलाही आवाज सोडवत नाही. मला रूप नव्हतं, माहेरची श्रीमंती नव्हती, आवाज होता. हळदीला गाणी म्हणायला पाच गावांतून बोलावणं यायचं. भाजीवाल्याशी घासाघीस, शिवमला गल्लीच्या टोकावरून पूर्ण नावानं बोलावणं, तुझ्या दादांची चेष्टा, हे सगळं कुजबुजून कसं करायचं? उद्या मी चिडले तरी लोकांना वाटेल बाई गुपित सांगतेय.

मागच्या महिन्यात दादांना सुट्टी होती. आम्ही जेवायला बसलो होतो आणि मी भाकरी वाढत होते. आबा एकदम घास खाली ठेवून ऐकायला लागले. मग दादांना म्हणाले, 'बिभीषण, त्या मेंढीच्या नरड्याला लई लागलंय. जगायची नाय ती. पुढल्या बाजाराला काढ.' दादा हसले, मीही हसले, हसताना श्वास ओढला गेला आणि तो आवाज आला. आबांनी माझ्याकडे बोट केलं, 'हीच. ऐक की.' मग कुणी हसलं नाही. मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. अक्षदा, या घरात माझं दुखणं खरं मानणारा तो एकच माणूस निघाला, आणि तोही मला बाजारात काढायला निघालेला. पण मला त्यांचा राग आला नाही. आजारी जनावराला ते कधी कळपात रखडत ठेवायचे नाहीत, तुला माहीत आहे. काही ना काही ठरवायचे. माझ्याबद्दल कुणीतरी काही ठरवलं, याचंच मला बरं वाटलं.

आता जे लिहिते ते तुझ्या वडिलांबद्दल आहे, म्हणून जड जातंय. सगळे थांबा म्हणतात, पण कशासाठी थांबायचं ते कुणी बोलत नाही. दिवाळी नाही, थंडी नाही. आबा असेपर्यंत थांबायचं, असा त्याचा अर्थ आहे. हे मला एका दुपारी समजलं. ते असेच झोपले होते आणि त्यांची छाती बराच वेळ हलली नाही. मी हातातली तूर निवडायची थांबले. मी त्यांना हलवलं नाही, हाक मारली नाही, नुसती बघत बसले. मग छाती हलली, आणि मला काय वाटलं ते मला माझ्याशीसुद्धा बोलता येत नाही. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला, साखर जास्त घातली. मला भीती वाटली, अक्षदा. त्यांच्या मरणाची नाही, माझी. ज्या माणसानं मला लेकीसारखं वागवलं, लग्नानंतर पहिल्या भटकंतीत माझे पाय फुटले तेव्हा घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवून मला बसवलं, त्या माणसाचा श्वास कधी थांबतोय याची मी वाट बघायला लागले, तर माझा श्वास राहून तरी काय उपयोग?

आणि चार दिवसांपूर्वी हे झालं. संध्याकाळी आबा प्लॉटच्या कडेला पोचले, मी पायरीवरून हाक मारली, आणि पुढचा श्वास आला नाही. थोडासुद्धा नाही. आवाजही नाही. छाती ओढतेय, पोट आत जातंय, आणि गळा बंद. मी ग्रील धरून उभी. रस्त्यावर माणसं होती, लीलाबाई समोर दोरीवरचे कपडे काढत होत्या, पण कुणाला बोलावणार? बोलवायला तर तोच गळा. माझ्या डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. हाक ऐकून आबा परत आले होते. माझ्यासमोर थांबले. काठी खाली टाकली, माझी हनुवटी दोन्ही हातांनी वर उचलली, मान ताणली आणि गळ्यावरून अंगठा फिरवायला लागले, वरून खाली, सावकाश. नरड्यात काही अडकलेल्या मेंढीला करतात तसं. तोंडानं च्च च्च करत होते. कधी तरी हवा आत गेली, किंचाळल्यासारखा आवाज करून. त्यांच्या हातानं गेली की आपोआप, देव जाणे. माझे डोळे वाहत होते. त्यांनी माझी मान सोडली, धोतराला हात पुसले आणि मला विचारलं, 'बाना कुठं गेली? आत्ता तर हाक मारली तिनं.'

त्या क्षणापासून मला एक गोष्ट दिसते आहे जी इतके दिवस दिसली नव्हती. आबा मला ओळखत नाहीत. कधीच नाही. तू दिवाळीला आलीस तेव्हा त्यांनी तुला विचारलं, कुणाची गं तू, काय विकतीस, आणि तू माझ्या स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडलीस. म्हणालीस, पोटच्या लेकीला ओळखत नाहीत आणि सुनेमागं फिरतात. तेव्हापासून तू आली नाहीस, तूप पाठवतेस. तुला वाटतं मी त्यांची झाले आणि तू परकी झालीस. माझ्यामागं ते फिरत नाहीत, बाई. मी त्यांना कधी बानाबाई असते, कधी आजारी मेंढी. सुकेशनी त्यांच्या डोक्यात कुठंच नाही. ओळख आहे ती हाकेची.

आणि ती हाक तुला येते. नाही म्हणू नकोस. तुमच्या घरचा नियम मला तुझ्या आईनं पहिल्याच वर्षी सांगितला होता: प्रत्येक बिऱ्हाडाची हाक वेगळी, ती सुनेला शिकवायची, लेकीला नाही. लेक उद्या दुसऱ्याच्या मेंढरांत जाईल, तिथून हाक मारली तर आपला कळप तिच्यामागं जाईल. म्हणून तुला कुणी शिकवली नाही, तुझ्यासमोर मला शिकवली. मी नवी, हाक जमेना, आणि तू मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला टेकून बघत बसायचीस, ओठ हलायचे तुझे. सिल्लोडकडच्या माळावर आपला मुक्काम होता तेव्हाचं आठव. तू तुरीत जाऊन लपलीस आणि तिथून हाक मारलीस. सगळा कळप माना वर करून वळला आणि तुरीत घुसला. शेतमालक ओरडत आला. तुझ्या आईनं तुला चांगलं बदडलं, आणि बदडताना तिचे डोळे भरलेले मी पाहिले. संध्याकाळी मला म्हणाली, 'माझ्यापेक्षा चांगली मारली गं पोरीनं.' हे तुला सांगू नको म्हणाली होती. ती गेली, आता सांगायला हरकत नाही. माझी हाक शिकलेली आहे, तुझी रक्तातली आहे.

तर हे पत्र कशासाठी ते आता लिहिते. मी सोमवारी दवाखान्यात भरती होणार आहे, मंगळवारी ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला, कुणाला विचारलं नाही. आज सकाळी दादांना सांगितलं. ते डबा हातात घेऊन म्हणाले, 'व्हय, जा. पन आबाचं कसं?' त्याचं उत्तर म्हणून मी हा कागद घेतला. तू रविवारी ये, चार कपडे जास्त घेऊन ये. नाही आलीस तरी मी जाणार आहे. ही धमकी नाही, माझ्याकडं आता थांबायला श्वासच नाही. पण तू ये. त्याच संध्याकाळी ग्रील उघडायचं, आबांना जाऊ द्यायचं, प्लॉटच्या कडेपर्यंत, घाबरायचं नाही. मग तू पायरीवर उभी राहा आणि हाक मार. नियम मोडल्याचं पाप माझ्या नावावर लाव. परत आल्यावर ते तुला ओळखणार नाहीत, पुन्हा विचारतील, कुणाची गं तू. दुखेल तुला. रडायचं असेल तर नंतर रड, मीही येईन सोबतीला, कुजबुजत. मी त्या वेळी आत भिंतीला टेकून बसलेली असेन, आणि काही झालं तरी माझी हाक मारणार नाही. मला फक्त त्यांची पावलं पायरीवर चढताना ऐकायची आहेत. ती ऐकली की मी माझी पिशवी भरायला घेईन.

तुझीच,
सुकेशनी वहिनी